बर्फाला दिलेले डोळे

रोह्याला माझ्या स्वयंपाकघरात गूळ फोडायला जी छिन्नी आहे, ती गुळासाठी घडवलेली नाही. तिला एका ओळीत दाते आहेत, लाकडी मुठीवर घामाचा काळा थर चढलाय आणि गुळाची ढेप तिच्यापुढे फार वेळ टिकत नाही. नवी कामवाली आली की विचारते, "वहिनी, ह्ये काय हत्यार म्हनायचं?" मी सांगते, बर्फ फोडायचं. मग ती फ्रीजकडे बघते, मग माझ्याकडे बघते आणि पुढे काही विचारत नाही.

परवा हीच छिन्नी हातात होती आणि मुलगा समोर मोबाइल धरून चित्रं दाखवत होता. पांढरीशुभ्र बोट, तिच्या अंगावर ओळीने खिडक्या, वर निळा तलाव. "आई, तुम्हा दोघांना पाठवतो. मुंबईहून सुटते. आत थिएटर आहे, दुकानं आहेत, जेवायला बसलीस की उठावंसं वाटणार नाही." मी नको म्हटलं. इतक्या चटकन म्हटलं की त्याला वाटलं, आईला बोट लागायची भीती वाटते. मी तसंच वाटू दिलं. त्याचा मामा असल्याच एका बोटीवर होता, एवढं त्याला माहीत आहे. तिथून तो काय घेऊन परतला, ते त्याला कुणी सांगितलेलं नाही, आणि गूळ फोडता फोडता सांगण्यासारखं ते नाहीच.

पेणला माझं माहेर. कारखाना म्हटलं की बाकीच्यांना धुराडं आठवतं, पेणमध्ये कारखाना म्हणजे गणपतीचाच. दुसरा कुठला असला तर त्याला कंपनी म्हणतात. आमचा कारखाना म्हणजे घरामागची लांबलचक पत्र्याची शेड. तिथे भिजवलेल्या शाडूचा वास असायचा, नव्या माठात पाणी भरल्यावर येतो तसा, आणि त्यात टर्पेंटाइनचा झणका. रंगाच्या फवाऱ्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला की आईची हाक ऐकू यायची नाही, आणि ते आम्हा भावंडांच्या फार सोयीचं होतं. शाडू साच्यात दाबायचा, साचा उघडायचा, हात वेगळे, सोंड वेगळी, ओल्या मातीने सांधायचं, ओल्या ब्रशने सांधा मिटवायचा. मग वाळवण, पांढरा रंग, अंगाचा रंग, पीतांबर, शेला, सोनेरी. आणि सगळ्यांच्या शेवटी डोळे.

डोळे काढायच्या कामाला आखणी म्हणतात. आखणी होईपर्यंत मूर्ती म्हणजे माती. कारागीर तिला मांडीत आडवी घ्यायचे, रेडिओवरच्या गाण्यावर ठेका धरायचे, "ह्या जाड्याला जरा पलीकडं सरकव" असं खुशाल म्हणायचे. आखणी झाली की त्याच फळीसमोर आवाज उतरायचे. विडी बाहेर, चप्पल बाहेर, शिवी तर नावाला नाही. कुणी दटावायला लागायचं नाही. आणि एक नियम आजोबांच्या वेळचा होता. एकदा दिलेला डोळा पुसायचा नाही. चुकला तर चुकला. बघायला लागलेल्याला पुन्हा आंधळं करायचं नाही, असं बाबा म्हणायचे, आणि म्हणूनच आखणीचा ब्रश ते कुणाच्याही हातात देत नसत.

आमच्याकडे तो ब्रश दादाचा. माझा थोरला भाऊ, नंदू. घरात वात्रट, शाळेत उनाड, पण आखणीला बसला की वेगळाच माणूस. श्वास धरायचा, वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायचा, बुबुळ भरायचा आणि अगदी शेवटी बुबुळात पांढरा ठिपका. तो ठिपका पडला की मूर्ती तुमच्याकडे बघायला लागायची. मी लहानपणी दाराआडून बघायचे आणि त्या ठिपक्याच्या वेळी माझ्याही छातीत काहीतरी व्हायचं. एक मूर्ती झाली की दादा शीळ घालायचा आणि पुढची घ्यायचा. "नंद्यानं डोळे दिलेल्या मूर्तीसमोर खोटं बोलवत नाय," बाबा म्हणायचे. बाबांचे स्वतःचे डोळे तोवर मोतीबिंदूने अधू झाले होते. ऑपरेशन दरवर्षी गणपतीनंतर करायचं ठरायचं.

ही नव्वद सालानंतरची वर्षं. एसटी स्टँडवर पीसीओच्या पिवळ्या पाट्या नव्या नव्या लागल्या होत्या. दादा बोटीवर कसा गेला ते मला धड सांगता येणार नाही. मुंबईचे कुणी हॉटेलवाले मूर्ती न्यायला आले, त्याचा हात बघून गेले, मग त्यांच्याकडे बर्फ कोरायला बोलावलं, मग एक दिवस घरात पासपोर्ट आला आणि आई शेजारणींना सांगायला लागली की आमचा नंदू दर्यावर गेला. आई खाडीकाठच्या मिठागरातली. तिच्या माहेरी दर्यावर गेलेला माणूस सांजेला घरी यायचा. दादाला परत यायला पुढचा आषाढ उजाडला.

पण आला तो काय आला! अंगाला साबणाचा परदेशी वास, केस कापलेले, आणि तोंड बंद म्हणून नाही. रात्रीची जेवणं झाली की आम्ही सगळे पडवीत बसायचो आणि तो बोट बांधायला घ्यायचा. हो, बांधायलाच. त्याच्या बोटीच्या जिन्यात ती बांधतानाचे फोटो टांगलेले होते आणि ते त्याने इतक्या वेळा बघितले होते की जणू स्वतः परांची बांधून उभा होता.

"समुद्राच्या कडेला मोठा थोरला खड्डा असतो. कोरडा. आपलं अख्खं पेण मावेल," तो सांगायचा.

"अख्खं पेण?" आई.

"बरं, अर्धं. त्यात बोट अशी खालून वर नाय बांधत. तुकडे बाहेर करतात. नाक वेगळं, पोट वेगळं, मजले वेगळे. मग क्रेननं उचलून एकावर एक ठेवतात आणि सांधतात. आणि खोल्या तर बाहेरूनच तयार होऊन येतात. पलंग, आरसा, न्हाणीघर, नळाच्या तोटीसकट. आपण कपाटात खण सरकवतो ना, तशी अख्खी खोली आत सरकवायची. सगळं झालं की दरवाजा उघडून खड्ड्यात पाणी सोडायचं. बोट आपली आपण वर येते. कुणी ढकलायला नको."

बाबा इतका वेळ डोळे मिटून ऐकत होते. ते म्हणाले, "म्हंजे आपल्यासारखंच. हात वेगळे, सोंड वेगळी."

"व्हय बाबा."

"सांधा दिसतो का?"

"नाय. रंग मारल्यावर नाय दिसत."

"मग चांगले कारागीर हायत," बाबा म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटून बसले.

मला बोटीच्या आतलं ऐकायचं असायचं. काचेची लिफ्ट, जिच्यातून वर जाताना खालची माणसं मुंग्यांएवढी होतात. मधल्या चौकात झुंबर; बोट हलली की त्याचे लोलक किणकिणतात, आणि जुन्या खलाशांना त्या आवाजावरून बाहेरच्या समुद्राची तब्येत कळते. सगळ्यात वरच्या मजल्यावर तलाव. समुद्रात बोट आणि बोटीवर पुन्हा तलाव, ह्याचं आईला फार हसू यायचं. बोट कलली की तलावातलं पाणीही कलायचं आणि गोऱ्या बायका किंचाळायच्या, म्हणे गंमत म्हणून. थिएटरात रोज नवा खेळ. संध्याकाळी पुरुष काळ्या कोटात आणि बायका पाठ उघडी टाकून जेवायला यायच्या. बंदरं तर दादा अशी सांगायचा की आपण वडखळ, नागोठणं, कोलाड सांगावं. एका बेटावर वाळू गुलाबी, एका गावी समुद्राच्या काठाशीच आगीचा डोंगर, आणि उत्तरेला कुठेतरी बर्फाचा अख्खा कडा कोसळताना बघायला लोक कठड्याशी घोंगड्या पांघरून उभे. "मी तिथं नाय जायचो बघायला," दादा म्हणायचा. "मी दिवसभर बर्फच बघायचो."

त्याचं जग खाली होतं. पाण्याच्या रेषेच्याही खाली. तिथे बोटीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब बोळ होता, त्याला सगळे कामगार हायवे म्हणायचे. "आपल्या मुंबई-गोव्यासारखाच, फक्त खड्डे नायत." त्या हायवेवर सगळ्या देशांची माणसं ट्रॉल्या ढकलत पळायची. खिडकी नसलेली खोली, वर-खाली दोन बाकडी, भिंतीला कान लावला की इंजिनाची घरघर. आणि शीतखोली. तिथे जाड कोट घालून दादा बर्फाच्या ठोकळ्यातून हंस काढायचा, मासे काढायचा, गरुड काढायचा. ते जेवणाच्या टेबलांवर मधोमध ठेवत. दोन-चार तासांत त्यांचं पाणी.

"सगळी मेहनत पाण्यात?" मी विचारलं.

"आपली पण जातेच की गो पाण्यात," तो म्हणाला आणि हसला. तेव्हा तो हसू शकत होता.

त्या वर्षी त्याने सगळी आखणी केली, शीळ घालत. वर रोह्याच्या एका मंडळाने त्याला देखावा म्हणून तीच बोट करायला लावली. आम्ही दोघं पेणहून गाडीत बसायचो, कासू, नागोठणं मागे टाकत रोह्याला उतरायचो आणि दिवसभर बांबू, प्लायवूड आणि थर्माकोल. दादाने सांगाडा तुकड्या-तुकड्यांनीच केला, नाक वेगळं, पोट वेगळं. खिडक्यांना जिलेटिनचे कागद, आत मिणमिणते दिवे, तलावात खरं पाणी. पंचक्रोशीतून माणसं आली बघायला. धुराड्याला रंग देताना मला ज्या बाईंनी खालून वर न्याहाळलं, त्या पुढे माझ्या सासूबाई झाल्या. त्या दिवसांचा वास अजून नाकात आहे, गरम तारेने कापलेल्या थर्माकोलचा. तो आला की मला अकारण सुखी वाटतं. गणपती गेले, दादा पुन्हा बोटीवर गेला.

आणि पुढच्या वर्षी परत आला तो आषाढाच्या आधी, मुदत संपायच्या कितीतरी आधी. ना फोन, ना निरोप. एका दुपारी पनवेलच्या एसटीतून उतरला, बॅग ओट्यावर टाकली आणि आईला म्हणाला, "भात हाय का?" बॅगेत कपडे आणि ही छिन्नी, जी पुढे माझ्याबरोबर रोह्याला आली. साबण नव्हता, चॉकलेटं नव्हती. जेवला आणि झोपला.

कामाला नाही म्हणाला नाही. शाडू तुडवला, साचे दाबले, वाळलेल्या मूर्ती ऊन बघून बाहेर काढल्या, आत घेतल्या. काशीनाथकाका अंगाचा रंग मारायचे, त्यांना रंग घोटून दिला. पण आखणीचा ब्रश उचलेना. पहिली फळी तयार झाली, मग दुसरी. बाबा म्हणाले, "नंद्या, ओघ धरायला पायजे आता." दादा हो म्हणाला आणि विहिरीवर अंघोळीला गेला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी बसला, मूर्ती समोर घेतली, ब्रश रंगात बुडवला, आणि तसाच बसून राहिला. ब्रशच्या टोकाचा रंग वाळला. मग उठून त्याने ब्रश धुऊन जागच्या जागी ठेवला.

नागपंचमीला लोक आपापला पाट घेऊन आले. आमच्याकडे रीत अशी की घरचा पाट कारखान्यात द्यायचा, त्याच पाटावर बसून गणपती घरी जातो. शेडच्या कोपऱ्यात पाटांची चळत छतापर्यंत गेली. कुणाचा सागवानी, कुणाचा रंग उडालेला, कुणाच्या मागे खडूने आडनाव. प्रत्येक जण विचारायचा, "नंदू आलाय ना? मग झालं!" बाबा मान हलवायचे. पेणमधले आखणीचे दुसरे हात त्या दिवसांत मिळणं शक्य नव्हतं. श्रावणात प्रत्येक कारखान्याचा आखणीवाला आपल्याच फळ्यांत बुडालेला असतो. दादाने ब्रश उचलला नाही, तर एवढे पाट रिकामे जाणार होते आणि त्यानंतर आमच्या दाराशी पुन्हा पाट घेऊन कोण येणार होतं? हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. आम्ही जेवताना मिठाबद्दल बोलायचो.

मला त्या शेडमध्ये जाववत नसे. भिंतीच्या कडेने, फळ्यांवर, माळ्यावर, सगळीकडे रंगवलेले गणपती. सोनेरी मुकुट, लाल पीतांबर, आशीर्वादाचा हात, आणि तोंडावर डोळ्यांच्या जागी कोऱ्या गुलाबी खोबणी. एरवी असे दोन-चार दिवस जातातच. पण एवढे सगळे, एवढे दिवस, मी कधी बघितले नव्हते. रेडिओ लावायचा नाही असं कुणी ठरवलं नव्हतं, तरी तो बंद होता. मला भीती वाटायची, खरंच वाटायची, आणि कशाची ते सांगता आलं नसतं.

मग एका दुपारी आई आणि मी मागच्या पडवीत बिरड्याचे वाल सोलत बसलो होतो. वीज गेली होती, कॉम्प्रेसर थांबलेला. दादा आला, आमच्यात बसला आणि परातीत हात घातला. मोड आलेले वाल तो फार सुरेख सोलायचा, दाणा न मोडता. थोडे सोलून झाले असतील. खाली मान घालूनच म्हणाला, "हत्तीच सांगितला होता, आई."

"कंचा हत्ती?"

बोटीवर एक दिवस दुपारचं जेवण भारताच्या नावाने करायचं होतं, वर तलावाकाठी. मुख्य आचाऱ्याने सांगितलं, टेबलाच्या मधोमध बर्फाचा हत्ती ठेव. दादाने हत्तीच करायला घेतला. आधी डोकं, मग कान. "सोंड काढली तर ती डावीकडं वळली. माझं लक्षच नव्हतं. हात चालला होता. मग पोट आलं. मांडी आली. बघतो तर समोर हत्ती नव्हता. लहानपणापासून हाताला दुसरं काय ठावं हाय? थांबायला पायजे होतं तेव्हा. फोडून टाकायचा ठोकळा. पण..." तो वालाचं साल बोटांत चुरगाळत राहिला. "पण मी डोळे पण दिले. बर्फात डोळे कुणी कोरत नाय. हंसाला नाय, गरुडाला नाय, नुसती खाच ठेवतो आम्ही. मी दिले. आखणी केल्यासारखे. खोल."

बातमी हायवेवर पसरली. शीतखोलीच्या दाराशी एकेक जण यायला लागला. देवगडकडचा भांडी घासणारा, मद्रासचे दोघं कपडे धुणारे, एक गोव्याचा आचारी, तोही छातीवर क्रूस करून उभा राहिला. आणि सगळ्यांनी बूट काढले. त्या खोलीतली लादी पायाला चिकटते, इतकी गार. तिथे अनवाणी उभे राहिले. देवगडवाल्याने खिशातून साखरेच्या वड्या काढून पुढे ठेवल्या आणि पुटपुटत काय म्हणायचं ते म्हटलं. "मग तो बर्फ कुठं राहिला, आई?"

आईचे हात थांबले होते.

मुख्य आचारी बघून खूश झाला. हत्तीपेक्षा किती छान, म्हणाला. दादाने हात जोडले, हा नको, मी दुसरा करतो. त्याला समजेचना. त्यात त्याचा तरी काय दोष? त्याने चांगल्या मनाने मधोमध मान दिला. एका बाजूला कोळंबीचं ताट, दुसऱ्या बाजूला भाजलेलं मटण, वर रणरणतं ऊन. तोंडावर रुमाल तरी टाकू द्या, म्हणून दादाने विनवलं. लोक फोटो काढत होते, रुमाल कसा टाकणार! एकाने आपला ग्लास त्याच्या मांडीवर टेकवला, गार राहावा म्हणून.

"मी शेजारीच उभा होतो. हलता येत नव्हतं. आधी बोटं गेली. मग मोदक. मग कान पातळ झाले, त्यातून पलीकडचं दिसायला लागलं. सोंड गळून पडली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण डोळे नाय गेले गो. मी खोल कोरले होते ना. तोंड राहिलं नाय, तरी डोळे व्हते. माझ्याकडंच."

टेबलाखाली नळी लावून पाणी बादलीत पडत होतं. दादाने ती बादली उचलली. कामगारांच्या जिन्याने मागच्या डेकवर गेला, म्हटलं निदान समुद्रात सोडू. बोटीवरून समुद्रात काहीही टाकायला सक्त मनाई. पहारेकऱ्यांनी हटकलं. दादाला इंग्रजीत विसर्जन सांगता येईना. त्याने बादली घट्ट धरली, त्यांनी ओढली, ह्याने ढकललं. शेवटी दोघांनी ह्याला धरलं आणि तिसऱ्याने बादली त्याच्यादेखत मोरीत उपडी केली. पुढच्या बंदरात दादाला उतरवलं.

आईने, मिठागराच्या त्या बाईने, तिला जे ठाऊक होतं ते सांगितलं. "नंदू, पाणी कंच्या पन मोरीतून जाऊ दे रं. जातं कुठं? दर्यालाच जातं ना?"

दादाने मान हलवली. "नाय, आई. त्या बोटीतलं नाय जात. तिथं मोरीचं पाणी खाली टाकीत जातं. घाणीच्या. ती टाकी कुठल्या बंदरात उपसली ते मला ठावं नाय."

आईने परात पुढे ओढली आणि आम्ही तिघं वाल सोलत राहिलो. "ब्रश टेकवला की वाटतं, हा पण तसाच बघत राहील," दादा एवढंच म्हणाला. बोटीतल्या मोऱ्यांचं पाणी दर्याला जात नाही, हे त्याला ठाऊक नसतं तर किती बरं झालं असतं, असं मला त्या वेळी वाटलं आणि अजून वाटतं.

हे आईने बाबांना सांगितलं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बाबा शेडमध्ये गेले, आमच्या घरच्या पाटावरची मूर्ती त्यांनी मांडीशी घेतली, चष्मा पुसला आणि दादाचा ब्रश उचलला. काशीनाथकाकांनी रंगाची वाटी खाली ठेवली. दादा दारातून फळी आत आणत होता, तो तसाच थांबला. बाबांनी उजवा डोळा काढला, बरा आला. डावा काढताना हात कापला, का दिसलं नाही, कोण जाणे. पापणी कानाकडे चढली आणि बुबुळ कोपऱ्यात गेलं. त्यांना ते कळलंच नाही. त्यांनी समाधानाने पांढरे ठिपके दिले, मूर्ती बाजूला ठेवली आणि दुसरी ओढून घेतली, शेजारच्या आळीतल्या कुणाच्या तरी पाटावरची.

"बाबा, थांबा," दादा म्हणाला. फळी त्याने तिथेच भिंतीला टेकवली. "तिरका आलाय."

"आला असंल. आता नाय पुसायचा." बाबांनी ब्रश त्याच्यापुढे धरला. "हा घे. लोकांच्या घरी तिरका नको जायला."

दादाने ब्रश घेतला. मला आजही सांगता येत नाही की त्यात देवाचं किती होतं आणि वाकड्या रेघेची चीड किती. पण त्याने श्वास धरला आणि पापणीची रेघ ओढली. मग दुसरी मूर्ती. मग तिसरी. शीळ नव्हती. ठिपका पडला की तो लगेच मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकायचा, एरवी तो गिऱ्हाईक न्यायला आल्यावर टाकतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी टेम्पोने, एसटीने, डोक्यावरून, हातगाडीवरून सगळे गणपती आपापल्या घरी गेले. पाटांचा कोपरा रिकामा झाला. बाबांनी शेड झाडली आणि तिथेच भिंतीला टेकून झोपले.

आमच्या घरी तो तिरक्या डोळ्याचा बसला. कुठेही बसा, त्याची नजर तुमच्या खांद्यावरून पलीकडे जायची. "यंदा बाप्पा कुनाकडं बघतोय गो?" शेजारीण म्हणाली. आरतीला दादा मागे उभा राहायचा, टाळ वाजवायचा, मान खाली. पण त्या दिवसांत त्याला थोडी झोप लागायला लागली होती.

गौरींबरोबर विसर्जन. भोगावती नदीवर गर्दी होती. दरवर्षी बाबा पाण्यात उतरायचे, त्या वर्षी मूर्ती दादाने उचलली. छातीभर पाण्यात गेला. तीनदा बुडवून चौथ्यांदा सोडायची असते. त्याने चौथ्यांदा खाली नेली आणि सोडली नाही. वाकून, हनुवटी पाण्याला टेकवून, दोन्ही हात खाली घालून उभा राहिला. आम्हाला वाटलं, आता येईल. आमच्यानंतर आलेली घरं विसर्जन करून गेली, पुढची आली, त्यांच्या आरत्या झाल्या, तीही गेली. शाडू पाण्यात विरघळतो, पण हातात धरलेली अख्खी मूर्ती विरघळायला फार वेळ घेते. काठावरून लोक हाका मारायला लागले, "अरे सोड की! अडकला का?" आई रडायला लागली. एक पोहणारा शर्ट काढून निघाला, त्याला बाबांनी दंडाला धरून थांबवलं. मग पाट काखेत मारून ते स्वतःच पाण्यात उतरले, चाचपडत, आणि दादाच्या शेजारी जाऊन उभे राहिले. दोघांच्या भोवती पाणी पांढुरकं झालं होतं.

दादाने हात वर काढले तेव्हा त्यांत काही नव्हतं. नखांत माती होती.

"डोळे पण गेले, बाबा," तो म्हणाला. काठावर ते स्वच्छ ऐकू आलं.

"चल," बाबा म्हणाले. "भिजून गार झालायस."

मला वाटलं, सुटला. आम्हाला सगळ्यांनाच वाटलं. दादा पुन्हा कधी बोटीवर गेला नाही. बाबा गेले, आई गेली, कारखाना त्याने चालवला. अजून चालवतो. पेणमधली सगळ्यात देखणी आखणी आजही त्याचीच, असं लोक म्हणतात आणि खोटं म्हणत नाहीत. फक्त घरच्या मूर्तीचे डोळे तो काढत नाही. बाबा होते तोवर बाबांनी काढले. ते गेल्यापासून मी काढते. श्रावणात एक दिवस रोह्याहून पेणला जाते, तो मूर्ती समोर ठेवतो, ब्रश हातात देतो आणि पाठ करून बसतो. मला आखणी येत नाही. रेघ फाटते. गेल्या वर्षी मी म्हटलं, दादा, एवढे डोळे देतोस गावाला, घरच्याला मी असं किती वर्षं विद्रूप करू?

तो वळला नाही. "जमेल तसे दे गो, बाय," म्हणाला. "फक्त माझ्याकडं बघेल असे नको देऊस."